वीज खरी, पण मुरणं?
‘डोक्याला सौम्य वीज दिली की हात झटपट शिकतो’ हे हाताच्या हालचाली शिकण्यावरच्या लेखातलं वाक्य जरा घाईचं वाटलं. तो १-२ मिलिअँपियरचा प्रवाह सरावाच्या जोडीला देतात, नुसता देऊन काय होणार? उलट त्या लेखात २००२ चा एक प्रयोग यायला हवा होता. बोटांच्या चिमटीचा सराव झाल्यावर लगेच मेंदूच्या हालचाली चालवणाऱ्या भागावर चुंबकीय ठोके दिले, तर कमावलेली सुधारणा गेली; ६ तासांनी दिले तेव्हा मात्र टिकली. म्हणजे सराव थांबला तरी आत काम चालूच!

इथं कोल्हापुरात तालमीत असताना ढाक डाव शिकवला की वस्ताद त्या दिवशी दुसरा दाखवायचेच नाहीत. ‘मुरू दे लेका, उद्या बघू.’ आम्हाला वाटायचं, म्हातारा कंटाळा करतोय.