केस आज गळतात, पण त्याचे कारण तीन महिन्यांपूर्वी घडलेले असते

माझ्या धाकट्या जावेला सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला. त्यातून ती बरी झाली आणि दिवाळीचा फराळही तिने नेहमीसारखा केला. डिसेंबर उजाडला तसे न्हाणीघराच्या जाळीवर रोज केसांचे पुंजके साचू लागले आणि घरातल्या प्रत्येकाने आपापला गुन्हेगार शोधला. सासूबाईंनी बोअरच्या पाण्याला दोष दिला, दिरांनी नव्या शाम्पूला. डेंग्यूचे नाव मात्र कुणीच काढले नाही, कारण तो केव्हाच विस्मरणात गेला होता.

या केसगळतीला टेलोजेन इफ्लुव्हियम म्हणतात. एरवी डोक्यावरचे साधारण ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि उरलेले विश्रांतीच्या. जोराचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपाशीपोटी केलेले डाएट असा धक्का शरीराला बसला, की वाढणाऱ्या केसांपैकी पुष्कळसे एकदमच विश्रांतीत जातात. ते तेव्हा गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी सुटतात. जावेचा गळलेला एक केस मी काळ्या ब्लाउजपीसवर ठेवून पाहिला, तर मुळाच्या टोकाला खसखशीहूनही बारीक अशी पांढरी गाठ होती. केस मुळापासून गेला म्हणून ती रडली होती. वास्तविक ती गाठ विश्रांती पूर्ण केलेल्या केसाची खूण आहे, मूळ त्वचेत शाबूतच असते.

केसांवर उपचार करणाऱ्या ज्या केंद्रात ती आधी गेली, तिथे पहिल्याच भेटीत हजारोंचे पॅकेज तिच्यापुढे ठेवले गेले. मागच्या काही महिन्यांत काही आजारपण झाले होते का, एवढा एक प्रश्न तिथे कुणी विचारला नाही, याचा मला मनापासून राग आहे. तो प्रश्न नागपुरातल्या धंतोलीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी बसल्या बसल्या विचारला आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) व थायरॉइड एवढ्याच तपासण्या लिहून दिल्या. फेरिटिन कमी निघाले, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सोबत दोन्ही वेळा घट्ट वरण, उसळ, अंडी. केसांसाठी म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व ती स्वतःच्या मनाने घेत होती, ते बाईंनी तपासणीआधी थांबवले, कारण त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

मूळ कारण दूर झाले, की ही गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत थांबते. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणी पूर्वीसारखी भरायला वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि नेमक्या याच काळात घाबरलेली बाई महागड्या तेलांच्या मागे लागते.

मात्र रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली, भांग रुंदावत चालला किंवा सहा महिन्यांनंतरही गळती थांबली नाही, तर तो प्रकार वेगळा असू शकतो. तेव्हा घरी वाट पाहत न बसता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.