खसखशीची पुडी आणि अडीच टन माल

यंदाही आईला बजावलं, अनारशाचं पीठ दे, खसखस देऊ नको. पीठ आधी दुबईला ताईकडे जातं आणि तिथून कुणी येणारं असलं की माझ्याकडे बहारीनला, मनामात. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, म्हणून अमिरातीत तिला बंदी आहे; बॅगेत पुडी सापडली तर चौकशी, प्रसंगी कोठडी. आईला हे इतक्या वर्षांत पटलेलं नाही. त्याच फोनवर तिनं विचारलं, "आणि ते अडीच हजार किलोवाले? त्यांना म्हणे सोडून देतात?"

विषय आमच्या घरच्या ग्रुपवरचा. ३१ मार्च २०२५ ला आयएनएस तर्कशनं पश्चिम हिंदी महासागरात एका गलबतावर २,३८६ किलो चरस आणि १२१ किलो हेरॉइन पकडलं होतं. ज्या बहुराष्ट्रीय नौदलासोबत ही कारवाई झाली, त्याचं मुख्यालय इथे जुफैरमध्ये, मी भाजी आणायला जातो त्याच भागात. या दलाची एरवीची रीत अशी: माल जप्त करून नष्ट करायचा आणि खलाशांना बहुतेकदा गलबतासकट जाऊ द्यायचं. काकांनी लिहिलं, "अमेरिका बघा, बोटच उडवते. खटल्याचा खर्चच नको."

सोडतात ते दयामायेपोटी नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल आपलं राज्य. २०० मैलांपर्यंतच्या पट्ट्यात मासळी आणि तेल आपलं, पण फौजदारी कायदा तिथवर सहसा पोचत नाही. खुल्या समुद्रात ज्याचा झेंडा त्याची सत्ता. १९८२ च्या सागरी करारानं चाच्यांच्या आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्यांच्या जहाजावर चढायची मुभा कुठल्याही युद्धनौकेला दिली. अमली पदार्थांसाठी मात्र नुसतं 'सहकार्य करा' म्हटलं. १९८८ च्या व्हिएन्ना करारात झेंडेवाल्या देशाकडे परवानगी मागायची सोय झाली. झेंड्याचा देश सोबत असला की काम सरळ होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अरबी समुद्रात दोन श्रीलंकन मासेमारी बोटींवर ५०० किलो क्रिस्टल मेथ सापडलं, तेव्हा आपल्या नौदलानं बोटी, माणसं, माल सगळं श्रीलंकेच्या हवाली केलं.

खरी पंचाईत मकरानच्या, म्हणजे इराण-पाकिस्तानच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या गलबतांची. अनेकदा झेंडा नाही, कागद नाहीत. अशा बेवारशी गलबतावर कुणाचंही नौदल चढू शकतं, पण खटला भरायला घरचा कायदा लागतो. आपला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा देशाबाहेर लागतो तो भारतीय नागरिकांना आणि भारतात नोंदलेल्या जहाजांवरच्या माणसांना. माल भारताकडे निघालेलाच नसेल, तर त्या परक्या तांडेलाला मुंबईच्या कोर्टात कुठल्या कलमाखाली उभं करणार?

चाच्यांच्या बाबतीत हीच पोकळी होती. २०२२ मध्ये कायदा झाला आणि मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकातानं ३५ सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. बेवारशी गलबतावरच्या अमली मालासाठीही तसाच कायदा करा, एवढंच माझं म्हणणं. अमेरिकेनं असा कायदा १९८६ मध्येच केला, म्हणून तर सप्टेंबर २०२५ पासून ती कॅरिबियनमध्ये माणसांसकट बोटी उडवू लागली त्याचं मला जास्त नवल वाटतं. कोर्ट हाताशी असताना क्षेपणास्त्र कशाला?

काकांना मी पालघरची आठवण करून दिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये गुजरातजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलानं मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या, त्यात आपल्या पालघरचा मच्छीमार गेला. दुर्बिणीतून बघणाऱ्याला ती बोट कशी दिसली असेल कोण जाणे. काकांनी त्यावर काही लिहिलं नाही.

खर्चाचा त्यांचा मुद्दा मात्र खोटा नाही. बलुची दुभाषा शोधा, अडीच टन पुरावा बंदरापर्यंत आणा, त्यासाठी युद्धनौका गस्तीवरून काढा. एवढं करून पिंजऱ्यात उभा राहणार तो पगारी खलाशी. मालाचा धनी समुद्रात पाऊलही टाकत नाही. तरी त्या खलाशाच्या जबानीतूनच धन्याचं नाव निघायची शक्यता असते, आणि आपण त्याचा जबाब नीट घेण्याआधीच त्याला वाटेला लावतो.

आईला यातलं निम्मं सांगितलं. ती म्हणाली, "बरं, मग अनारशाला राजगिरा लावला तर चालेल का तिथे?"