माजी गायकांची सायंप्रार्थना
इंग्लंडमधल्या कॅथीड्रलच्या (मुख्य चर्चच्या) क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, लहानपणी गायलेल्यांना मेळाव्यात सायंप्रार्थना गाताना एकाच तालमीत सगळं आठवतं, असं एका लेखात म्हटलंय. ते अर्धंच खरं. आठवते ती ट्रेबलची, म्हणजे मुलांच्या सर्वांत वरच्या आवाजाची ओळ. आवाज फुटलेले पुरुष तीच सप्तकभर खाली गातात. मग चाल टेनरच्या (पुरुषांच्या वरच्या आवाजाच्या), कधी बेसच्याही (सर्वांत खालच्या आवाजाच्या) खाली जाते आणि स्वरमेळ गढूळ होतो. म्हणून टेनर-बेसच्या प्रती दोन-तीन आठवडे आधी पाठवाव्यात, वरची ओळ सध्याच्या मुलामुलींना द्यावी. (सॉल्झबरी कॅथीड्रलमध्ये १९९१पासून मुलींचाही क्वायर आहे, तिथल्या माजी गायिकांना ट्रेबलमध्येच घ्या.) स्तोत्रांवर तर शब्द कुठे तोडायचे याच्या छापील खुणा हव्यातच! वेगवेगळ्या पिढ्या शब्द वेगळ्या जागी तोडायला शिकलेल्या असतात आणि क्वायरच्या समोरासमोरच्या रांगा आळीपाळीने गाताना ते लगेच उघडं पडतं.