समुद्रातील कचऱ्यासाठी आलेला पैसा आणि तो स्वीकारणाऱ्या संस्थेची जबाबदारी

समुद्रातील कचऱ्याचा विषय निघाला की किनारे साफ करणाऱ्या स्वयंसेवकांचे आपण मनापासून कौतुक करतो. या कामासाठी पैसा कोण देतो आणि तो स्वीकारणाऱ्या संस्थेवर कायद्याची कोणती बंधने असतात, याची चर्चा मात्र क्वचितच होते. अमेरिकेतील मरीन डेब्रिस फाउंडेशनचे उदाहरण मला यासाठी महत्त्वाचे वाटते, कारण ही संस्था थेट काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेल्या कायद्यातून जन्माला आली. रिपब्लिकन डॅन सलिव्हन आणि डेमोक्रॅट शेल्डन व्हाइटहाउस या सिनेटरांनी पुढाकार घेतलेल्या ‘सेव्ह अवर सीज २.०’ या विधेयकावर १८ डिसेंबर २०२० रोजी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली आणि संस्थेला कायदेशीर अस्तित्व मिळाले.

ही संस्था धर्मादाय आणि ना-नफा आहे, ती सरकारचे खाते नाही, असे कायदाच सांगतो. तरीही तिचे काम नोआ या समुद्र आणि हवामानाचे काम पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेच्या सागरी कचरा कार्यक्रमाला बळ देण्याचे आहे. तिला देणग्या आणि मालमत्ता स्वीकारता येतात, पैसा गुंतवता येतो, कर्ज काढता येते, करार करता येतात. ती दावा लावू शकते आणि तिच्यावरही दावा लावता येतो. तिचे कर्ज किंवा तिच्या चुका यांचे दायित्व मात्र सरकारवर येत नाही. संचालकांना वेतन मिळत नाही आणि सलग तीन नियमित बैठकांना गैरहजर राहणाऱ्याला मंडळावरून दूर करता येते. ही शेवटची तरतूद किरकोळ वाटेल, पण मानाच्या पदांवर केवळ नावापुरते बसणारे लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तिचे मोल कळेल.

माझी खरी काळजी देणगी स्वीकारण्याच्या अधिकाराविषयी आहे. किनारे साफ करण्यासाठी पैसा देणे उद्योगांना सोयीचे असते, कारण त्यातून छायाचित्रे मिळतात आणि वेष्टनांच्या उत्पादनाविषयी कोणी प्रश्न विचारत नाही. संस्थेच्या उद्दिष्टांत मात्र कचरा काढण्याबरोबरच त्याचे मूल्यमापन, प्रतिबंध आणि घट यांचाही समावेश आहे. म्हणून साऱ्या देणग्या केवळ सफाईकडे वळू लागल्या, तर आपल्या उद्दिष्टांचा मोठा भाग संस्थेने वाऱ्यावर सोडला असेच मी म्हणेन. त्यातच, संस्थेने दिलेले अनुदान न्यायालयीन लढाईसाठी किंवा काँग्रेससमोरील कायद्यांवर प्रभाव टाकण्यासाठी वापरता येत नाही. सार्वजनिक पैशाशी जोडलेल्या संस्थेसाठी हे बंधन मला रास्त वाटते. पण त्यामुळे उत्पादकांवर दबाव आणण्याचे काम इतरांनाच करावे लागणार, हे आपण गृहीत धरले पाहिजे.

जमा, खर्च आणि गुंतवणूक यांचा संपूर्ण तपशील असलेला वार्षिक अहवाल काँग्रेसला देणे संस्थेला बंधनकारक आहे. ती उद्दिष्टांशी विसंगत वागली किंवा तिने आपली कर्तव्ये टाळली, तर अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल वॉशिंग्टनमधील संघीय जिल्हा न्यायालयात दाद मागू शकतात. परंतु न्यायालयाचा उपाय उशिरा येतो आणि केवळ एकूण जमेचा आकडा पाहून देणगीमागची अट कळत नाही. त्यामुळे प्रत्येक मोठ्या देणगीदाराचे नाव, त्याने घातलेली अट आणि ती रक्कम प्रतिबंधासाठी वापरली की सफाईसाठी, हे संस्थेने दरवर्षी स्वतःहून जनतेसमोर मांडावे आणि अनुदान मागणाऱ्या किनारी समुदायांनी अर्ज करण्यापूर्वी ही माहिती आग्रहाने मागावी, असे माझे ठाम मत आहे.