शोध लागलाच, तर लगेच झाका

परवा ऑफिसात ‘बदलाला सामोरे जा’ या विषयावर अडीच तासांचं ट्रेनिंग झालं. बाहेरून आणलेल्या तज्ज्ञांनी सातव्या स्लाइडवर अपेक्षेप्रमाणे तो पिवळा डबा काढलाच. कोडॅक! फोटोचे रोल विकणारी आणि डिजिटलच्या लाटेत बुडालेली अमेरिकन कंपनी. आमचे साहेब पहिल्या रांगेत, हातात सामोसा. ‘झोपले होते हो ते,’ म्हणाले आणि हसले. तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय.

तर साहेबलोकहो, चालती कंपनी बुडवायची असेल तर आधी जागे व्हा. झोपेत हे काम होत नाही.

शोध शक्यतो घरातच लागू द्या. १९७५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या पंचविशीतल्या इंजिनिअरने सिनेकॅमेऱ्याची जुनी लेन्स, सोळा बॅटऱ्या आणि कॅसेट रेकॉर्डर असं एकत्र बांधून टोस्टरएवढं धूड उभं केलं, म्हणजे डिजिटल कॅमेरा. वजन साडेतीन किलोंच्या वर. ०.०१ मेगापिक्सेलचा काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे, मग तो टीव्हीवर दिसायचा. रोल नाही, धुणं नाही, कागद नाही. वरिष्ठांनी विचारलं, फोटो टीव्हीवर कोण कशाला बघेल? छान आहे, पण कुणाला सांगू नका, असा एकूण सूर होता, हे सॅसननेच पुढे सांगितलं. १९७८ मध्ये पेटंट मात्र घेतलं. चोख कारभार!

मग एक अहवाल मागवा. १९८१ मध्ये कोडॅकच्याच अभ्यासाने सांगितलं होतं की डिजिटल कॅमेरा फिल्मची जागा घेणार, पण हाताशी दहाएक वर्षं आहेत. दहा वर्षं म्हणजे काय? तोवर आपण निवृत्त.

एखादी औषध कंपनी विकत घ्या. (१९८८, स्टर्लिंग ड्रग, ५१० कोटी डॉलर. सहा वर्षांत विकायला काढली.)

प्रतिस्पर्ध्याकडे दुर्लक्ष करा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं प्रायोजकत्व फुजी या जपानी फिल्म कंपनीला घेऊ द्या. पुढे त्याच फुजीने फिल्मच्या रसायनांतलं ज्ञान वापरून तोंडाला लावायचं क्रीम काढलं. आपण असले चाळे करू नयेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नफ्याला धक्का लावू नका. कोडॅकची खरी कमाई रोल, केमिकल आणि कागदावर. आठवतंय ना, ३६ च्या रोलमधले दोन फोटो उरले म्हणून कुंडीतल्या जास्वंदीचे काढायचे, मग रोल धुवायला टाकायचा, आठवड्याने पाकीट आणायचं आणि त्यात निम्म्या लोकांचे डोळे मिटलेले! त्या मिटलेल्या डोळ्यांचेही पैसे कंपनीला मिळत. एवढी दुभती म्हैस कोण सोडेल? म्हणून हातचं राखून डिजिटल करा. १९९१ मध्ये निकॉनच्या बॉडीवर डिजिटल कॅमेरा त्यांनी बाजारात आणला. २००५ मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेरे विकण्यात त्यांचा पहिला नंबर होता. ऐकताय ना, झोपलेल्यांचा पहिला नंबर! पण त्या कॅमेऱ्यांत रोलचा नफा नव्हता आणि लवकरच फोनने कॅमेराच गिळला. १९ जानेवारी २०१२ ला दिवाळखोरीचा अर्ज. त्याच वर्षाअखेर निवृत्त कामगारांचा आरोग्यविमा गेला. ‘कुणाला सांगू नका’ म्हणणाऱ्यांचं काय गेलं, ते स्लाइडवर कधीच येत नाही.

सामोसा खाणाऱ्यांचंही काही जात नाही.

तीन वर्षांपूर्वी मी स्टोअर्ससाठी एक शीट बनवली होती. कुठला माल कुठल्या रॅकवर, किती उरला, फोनवर दिसायचं. दोन महिने रात्री जागून. याच साहेबांनी बघितली. ‘मस्त आहे रे, पण सध्या वरती दाखवू नकोस.’ आजही इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, तीन प्रतींत, कार्बन घालून. तिसरी प्रत कुणालाच वाचता येत नाही. परवाच्या ट्रेनिंगची हजेरीसुद्धा दोन रजिस्टरांत झाली.

अहो, लाज वाटू द्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकन साहेबाला हसताना तेच वाक्य आपण मराठीत म्हटलंय, हे आठवू नये? निदान त्यांनी पेटंट तरी घेतलं होतं. तुम्ही त्या शीटचा पेनड्राइव्हसुद्धा परत मागितला नाहीत. तो माझ्या ड्रॉवरमध्ये पडलाय. बघायचा असेल तर उद्या स्टोअर्समध्ये या. तज्ज्ञांना आणू नका.