गिअरचा दांडा खुळखुळतो म्हणजे बीटलचा गिअरबॉक्स गेला, हे खरं नाही

जुन्या एअर-कूल्ड फोक्सवॅगन बीटलवाल्यांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. नव्याने अशी गाडी घेतलेल्या प्रत्येकाला तो कोणी ना कोणी पाठवतोच. त्यात सांगितलंय ते असं: गिअरचा दांडा ढिला झाला, गिअर शोधावे लागायला लागले की गिअरबॉक्स आतून संपला, तोवर जाड तेल घालून ढकला, शॉर्ट शिफ्टर (हाताचा प्रवास कमी करणारा बदली दांडा) लावला की दांडा घट्ट होतो, आणि चॅसीच्या मधल्या पोकळ बोगद्यातला बुश (गिअरच्या रॉडला आधार देणारी छोटी नळी) बदलायचा तर बॉडी चॅसीवरून उचलावी लागते. चारही गोष्टी चुकीच्या आहेत. पहिलीने तर लोकांचे फार पैसे घालवलेत.

बीटलचं इंजिन मागे, गिअरबॉक्स त्याच्या पुढ्यात, आणि गिअरचा दांडा पुढे चालकाच्या हाताशी. मधल्या अंतरात चॅसीच्या बोगद्यातून एक लांब लोखंडी रॉड जातो. पुढे लिव्हरजवळ, म्हणजे त्या दांड्यापाशी, त्याला प्लास्टिकचा एक बुश तोलून धरतो. मागे हा रॉड गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टला कपलरने जोडलेला असतो, आणि त्या कपलरमध्येही दोन बुश असतात. पन्नास-साठ वर्षांत आधी झिजतात ते हे बुश. रॉडला आधार उरत नाही, तो बोगद्यात डोलतो, आणि तेच डोलणं लिव्हरच्या लांबीमुळे हातात कितीतरी मोठं होऊन येतं. गिअरबॉक्सच्या आतल्या दात्यांचा याच्याशी काही संबंध नाही.

मग गिअरबॉक्स खरंच गेलाय हे कसं कळणार? लक्षणं वेगळी असतात. चढावर जोर दिला किंवा उतारावर पाय काढला की टाकलेला गिअर आपोआप सुटतो. क्लच नीट असूनही गिअर टाकताना कचकच होते. गाडी चालताना ठराविक गिअरमध्येच घरघर येते. त्यातही क्लच आधी बघा. पेडलला वरचा मोकळा प्रवास साधारण १० ते २० मिलिमीटर हवा. तो जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि धडधाकट गिअरबॉक्सही ओरडतो. शिवाय १९६० च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर न वाजता जुळवून घेणारी यंत्रणा) नव्हताच, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकताना त्या वाजतातच. तो बिघाड नाही.

खात्री करायला दहा मिनिटं आणि मदतीला एक माणूस पुरतो. मागची सीट उचला. बोगद्याच्या टोकाशी एका स्क्रूवर बसवलेली छोटी पत्र्याची झाकणी दिसेल. ती काढली की समोर कपलर. आता कोणाला तरी पुढे बसवून, इंजिन बंद ठेवून, लिव्हर हलवायला सांगा आणि टॉर्चच्या उजेडात बघत राहा. रॉड हलतो आणि कपलरपलीकडचा शाफ्ट जागच्या जागी राहतो, तर ढिलाई कपलरमध्ये आहे. लिव्हर हलतो आणि रॉडच उशिरा हलतो, तर पुढचा बुश किंवा लिव्हरच्या खालच्या टोकाचा गोळा झिजलाय. अख्खा गिअरबॉक्सच पुढे-मागे होत असेल, तर त्याच्या माउंटिंगची रबरं फाटली आहेत. (गाडीची बॅटरी याच सीटखाली उजवीकडे असते. सीट परत बसवताना तिच्यावरचं झाकण जागेवर असू द्या. सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकून आग लागते.)

माझ्या १९६८ च्या बीटलला एका गॅरेजमध्ये न बघताच ‘बॉक्स उतरवावा लागेल’ असं सांगितलं होतं. मी लिव्हर काढून आत बोट घातलं, तर बुशचे तीन तुकडे हाताला लागले. पिवळट, नखाने भुगा होईल इतके ठिसूळ. त्याची तारेची कडी बोगद्यात खाली पडली होती, आणि ग्रीस मेणासारखं वाळलं होतं.

जाड तेलाचं काय? बोगद्यातल्या बुशला गिअरबॉक्समधलं तेल पोचतच नाही, तेव्हा ढिलाई त्याने कमी होणार कशी? उलट सिंक्रोच्या पितळी रिंगेला आधी तेलाचा थर कापावा लागतो, तेव्हा ती पकड घेते. जाड तेलात ते अवघड होतं आणि सकाळच्या थंड गाडीत दुसरा गिअर आणखी हट्ट करतो. या गिअरबॉक्सला साधारण अडीच लिटर, ९० ग्रेडचं, जीएल-४ प्रतीचं तेल लागतं. तेवढंच घाला.

शॉर्ट शिफ्टर वाईट नाही, पण तो या दुखण्याचं औषध नाही. त्याने हाताचा प्रवास कमी होतो. रॉडचा प्रवास तेवढाच राहतो आणि त्यातला ढिलाईचा वाटाही तेवढाच. हाताला मात्र ती कमी जाणवते, आणि झिजलेला बुश आणखी वर्षभर तसाच राहतो. वर जोर जास्त लावावा लागतो.

आता बॉडी उचलण्याचं. हे कोणी आणि कुठून काढलं, देव जाणे. लिव्हरचे १३ च्या पान्याचे दोन बोल्ट सोडा. खालची स्टॉप प्लेट उचलण्याआधी तिची जागा पेनने आखून ठेवा, कारण तीच रिव्हर्सला अडवते. रिव्हर्स दुसऱ्या गिअरच्या शेजारी, दाबून डावीकडे मागे पडतो; प्लेट उलटी बसली तर दुसरा टाकताना रिव्हर्स लागायची भीती, किंवा रिव्हर्स सापडतच नाही. मागे कपलर सोडवा, रॉड बुशच्या पकडीतून सुटेपर्यंत सरकवा, लिव्हरच्याच भोकातून जुने तुकडे काढा, आणि नवा बुश कडीसकट, भरपूर ग्रीस लावून दाबून बसवा. काम घामाचं आहे, बोटं सोलतात, पण बॉडीचा एकही बोल्ट सोडावा लागत नाही. जोडताना कपलरच्या स्क्रूचं टोक शाफ्टवरच्या खळग्यातच बसलं पाहिजे. चौकोनी डोक्याच्या स्क्रूला पुन्हा तार बांधा, नाहीतर तो रस्त्यात सैल होऊन सुटतो. मग क्लच दाबून, इंजिन बंद असतानाच, चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. एखादा अडला तर प्लेट किंचित सरकवा, आणि सगळे पडले की मगच ते दोन बोल्ट आवळा.