फुली मारली आहे, तिथे

करारनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचण्याची वाईट खोड काही लोकांना असते. आपल्याला ती अद्याप जडली नसेल, तर कृपया लावून घेऊ नये. समोरच्या गृहस्थांनी पेन्सिलीने फुल्या मारून सहीच्या जागा दाखवून ठेवलेल्या असतात, पेनाचे टोपणही काढून दिलेले असते आणि "सगळं स्टँडर्ड आहे हो, सगळेच करतात," असे ते आपुलकीने सांगत असताना आपण चष्मा चढवून चौदावे पान उघडावे, हा त्यांच्या सौजन्याचा अपमान आहे.

तरीही मोह आवरला नाहीच, तर निदान कुठे पाहू नये एवढे लक्षात ठेवावे. 'नूतनीकरण' हा शब्द दिसताच पान उलटावे. मुदत संपण्यापूर्वी किमान ३० आणि कमाल ६० दिवस आधी लेखी कळवले नाही, तर करार तेवढ्याच मुदतीसाठी आपोआप पुढे चालू राहील, अशा धर्तीचा मजकूर तेथे असतो. म्हणजे ६१ दिवस आधीचे पत्र उतावळेपणाचे आणि २९ दिवस आधीचे उशिराचे. मधल्या महिन्यात आपल्याला आठवण होणार नाही, या गाढ विश्वासावर ते कलम उभे असते. 'वेळोवेळी सुधारित केल्याप्रमाणे' या शब्दांनी तर वाचनाचे प्रयोजनच संपते, कारण अटी एकट्या कंपनीने बदलायच्या असतात आणि सही मात्र आपली जुनीच चालते. 'सोबत जोडलेले परिशिष्ट ब' सोबत नसते. (मी एकदा ते मागितले होते, आणायला गेलेले कर्मचारी अजून यायचे आहेत.)

कर्जाच्या कागदावर '१० टक्के' ठळक आणि 'फ्लॅट' बारीक असेल, तर ठळक तेवढेच वाचावे. तीन वर्षे दरमहा हप्ते भरताना मुद्दल घटत जाते, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण मुद्दलावरच धरले जाते, त्यामुळे घटत्या शिलकीच्या हिशेबाने तोच दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. पण शुभकार्यात असली आकडेमोड करू नये.

ब्रिटनच्या वेल्समधील एका कॅफेच्या मालकिणीने सिगारेटचे विक्रीयंत्र घेतले आणि ते काही दिवसांतच अडकले. तपकिरी कागदावर अतिशय बारीक टायपात विक्रेत्याने सर्व हमी आधीच झटकून टाकली होती. बाईंनी तो मजकूर वाचला नव्हता, परंतु सही केली होती, आणि तेवढी पुरेशी आहे, असे न्यायालयाने १९३४ साली ठरवले. पुढे १९५६ साली इंग्लंडचे न्यायमूर्ती डेनिंग यांनी म्हटले की, काही कलमे लाल शाईत छापून त्यांच्याकडे बोट दाखवणारा लाल हात काढावा लागेल. छापणाऱ्यांनी त्यावर विचार केला असावा, कारण हल्ली फिकट राखाडी शाई वापरतात.

सहीच्या लगेच वर, चष्म्याविना वाचता येईल अशा अक्षरांत, 'मी वरील सर्व मजकूर वाचला असून तो मला समजला आहे' असे छापलेले असते. साऱ्या करारात आपण वाचतो ते एवढेच वाक्य, आणि खोटे ठरते तेही नेमके तेच. त्याच्याच खाली, फुली मारली आहे, तिथे.